रेघ राखेची नाही: गेंड्याच्या पिल्लाच्या दाढेवरची खाच कशी वाचायची

ओमाहात राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. उन्हाळ्यात ते लेकीला घेऊन नेब्रास्कातल्या ॲशफॉल फॉसिल बेड्सला जाऊन आले. राखेत गाडले गेलेले गेंडे आणि आयांच्या कुशीला पडलेली पिल्लं पाहून पोरगी भारावली. पुढे जीवाश्मांच्या एका प्रदर्शनात त्यांनी तिला खालच्या जबड्याचा एक तुकडा घेऊन दिला. चिठ्ठीवर एवढंच होतं: 'टेलिओसेरास, पिल्लू, नेब्रास्का'. टेलिओसेरास म्हणजे गेंड्यांचा एक नामशेष प्रकार. तुकड्यात तीन दाढा आहेत. सगळ्यात मागच्या दाढेवर, हिरडीच्या जागेपासून बोटाच्या पेराएवढ्या वर, एक आडवी खाच आहे. नख फिरवलं की अडकतं. मुलगी आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय ठरवलाय, 'ज्वालामुखीमुळे उपाशी राहिलेलं पिल्लू'. खाच उपासमारीची आहे हे सिद्ध कसं करायचं आणि पिल्लाचं वय किती, असं त्यांनी विचारलंय.

उत्तर आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून. ती खाच वाढीच्या काळात बसलेल्या ताणाची असू शकते. पण राखेची ती नाही, निदान तुम्ही सांगताय त्या जागी असेल तर नाहीच. आणि ताण कसलाही असो, पिल्लू त्यातून सावरलं होतं. तेव्हा विषयाचं नाव बदलावं लागेल. मुलगी खट्टू होईल, पण नवा विषय जुन्यापेक्षा चांगला निघेल याची खात्री देतो.

मी गेली बावीस-तेवीस वर्षं जीवाश्म दातांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. हाती दात आला की प्रत्येकजण 'हे का झालं?' असं विचारतो. मी 'केव्हा झालं?' इथून सुरुवात करतो. 'केव्हा'चं उत्तर दातावरच लिहिलेलं असतं. 'का'चं बहुतेक वेळा नसतं, तिथे अंदाज बांधावा लागतो. केव्हा ते पक्कं झालं की का-च्या निम्म्या शक्यता आपोआप गळून पडतात. तुमच्या पिल्लाच्या बाबतीत राखेची शक्यता अशीच गळते.

मोठं दुखणं येऊन गेल्यावर नखांवर आडवी खाच उमटते, ती कधी पाहिली आहे का? टायफॉइडमधून उठलेल्या माणसाच्या नखांवर हमखास दिसायची. ताप असताना नख वाढवणाऱ्या पेशी मंदावतात, त्या दिवसांतलं नख पातळ निघतं. पेशी पूर्ववत झाल्या की नख पुन्हा जाड निघू लागतं आणि खाच हळूहळू पुढे सरकते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर दुखणं दोनेक महिन्यांपूर्वीचं. यात वैद्यकीय काही नाही, साधा त्रैराशिकाचा हिशोब आहे. मुख्य म्हणजे खाच नखाच्या मध्यावर दिसते याचा अर्थ माणूस त्यानंतर दोन महिने जगला आहे, नख वाढवतो आहे. मेलेल्या माणसाच्या शेवटच्या तापाची खाच नखावर दिसायचीच नाही. ती मुळाखालीच राहील.

दाताचंही असंच, फरक दोन. पहिला म्हणजे दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, टोकाकडून सुरू होऊन मानेकडे, म्हणजे मूळ सुरू होतं त्या कडेकडे, येतं. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी जबड्याच्या आत, हिरडीखाली, दाढेच्या उंचवट्यांवर आधी थर चढवतात आणि मग खाली सरकत जातात. म्हणजे दाढेचा वरचा भाग जुना, मानेजवळचा नवा. दुसरा फरक असा की काम झालं की या पेशी संपून जातात. हाड आयुष्यभर स्वतःला पोखरत आणि नव्यानं भरत राहतं, त्यामुळे जुन्या खुणा पुसते. एनॅमल एकदा झालं की झालं. त्यात चूक राहिली तर ती दुरुस्त करायला कुणी शिल्लक नसतं. झिजून गेली तरच जाते. म्हणून लाखो काय, कोटी वर्षांनंतरही बालपणीच्या आजाराची नोंद हाडापेक्षा दातात भरवशाची सापडते. या दोषाला एनॅमल हायपोप्लेशिया म्हणतात, म्हणजे एनॅमल कमी भरणं. कधी ते बारीक खड्ड्यांच्या रूपात दिसतं, कधी दाढेभोवती फिरलेल्या आडव्या रेघेच्या. तुमच्या वर्णनावरून तुमची खाच दुसऱ्या प्रकारची वाटते.

आता ॲशफॉलकडे वळू. त्याशिवाय राखेचा मुद्दा पटणार नाही. सुमारे १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आजच्या आयडाहोच्या नैर्ऋत्येला, ब्रूनो-जार्बिज या ज्वालामुखी प्रदेशात प्रचंड उद्रेक झाला. राख वाऱ्यानं शेकडो मैल पूर्वेला, नेब्रास्कापर्यंत आली. अँटिलोप काउंटीत एक पाणवठा होता, तिथे वाऱ्यानं वाहून आणलेली राख साठत गेली. १९७१ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मायकेल व्हूरहीस यांना तिथल्या एका घळीत राखेतून डोकावणारी गेंड्याच्या पिल्लाची कवटी दिसली. पुढे खोदल्यावर सांगाडेच्या सांगाडे सलग मिळाले. टेलिओसेरास जातीचे गेंडेच शंभराहून अधिक आहेत. आखूड पाय आणि पिंपासारखं पोट, पहिल्या नजरेला पाणघोडाच वाटावा. काहींच्या घशाच्या जागी गवताचं बी अडकलेलं सापडलं. एका मादीच्या पोटात गर्भ होता. तिच्यावर १९७८ मध्ये स्वतंत्र निबंधच आला.

ही जनावरं एका दिवसात मेली नाहीत, हे महत्त्वाचं. राखेच्या थरांत सगळ्यात खाली पक्षी, कासवं, लहान प्राणी आहेत, त्यावर घोडे आणि उंट, आणि गेंडे त्याच्याही वर. छाती जेवढी लहान, मरण तेवढं लवकर. राख म्हणजे मुळात बारीक काच. गवत खाताना आणि श्वास घेताना ती फुप्फुसात जात राहिली. गेंडे त्यात काही आठवडे तग धरून राहिले असावेत, आणि त्याचा पुरावा त्यांच्या हाडांवरच आहे. जबड्यांवर, बरगड्यांवर, पायांच्या हाडांवर भुसभुशीत नव्या हाडाचे पुंजके वाढलेले आहेत. फुप्फुसांच्या दीर्घ आजारात हाडांवर अशी वाढ होते, आजच्या जनावरांत आणि माणसांतही. हायपरट्रॉफिक ऑस्टिओपथी असं तिचं नाव आहे.

म्हणजे राखेनं दिलेला ताण आपल्याला नक्की कुठे शोधायचा ते कळलं. एक, हाडाच्या पृष्ठभागावर, त्या भुसभुशीत थरात. दोन, एनॅमलमध्ये शोधायचाच तर मरणाच्या क्षणी जो दात अर्धवट बनलेला होता त्याच्या अगदी खालच्या काठावर, जबड्याच्या आत. हिरडीच्या वर, झिजलेल्या दाढेवर बोटाच्या पेराएवढ्या उंचीवर जी खाच आहे ती बसल्यानंतर उरलेला दात तयार झाला, मग दात वर आला, मग तो गवत चावून झिजू लागला. याला कित्येक महिने, कदाचित वर्ष-दोन वर्षं लागतात. राख खाऊन काही आठवड्यांत मेलेल्या पिल्लाला तेवढी सवड नव्हती.

आणि हेही सांगायला हवं, तुमचा जबडा ॲशफॉलचा नसणारच. ती जागा संरक्षित आहे. १९९१ पासून ती लोकांसाठी खुली आहे. नेब्रास्का विद्यापीठाचं राज्य संग्रहालय आणि तिथलं गेम अँड पार्क्स कमिशन मिळून ती सांभाळतात. तिथली हाडं बाजारात येत नाहीत. टेलिओसेरास मात्र नेब्रास्का-कॅन्सस भागात लाखो वर्षं होता आणि त्याचे दात खासगी जमिनींतून भरपूर निघतात. तुमचं पिल्लू बहुधा त्यातलंच एक. त्याच्या आयुष्यात ज्वालामुखी होता की नाही हे माहीत असायचं कारणच नाही.

मग खाच कधीची? यासाठी आधी मागची दाढ कुठली हे ठरवावं लागेल. आपल्याकडे बैलबाजारात दात पाहिल्याशिवाय कुणी बैल घेत नाही. शर्यतवाल्यांना विचारा, आदत, दुसा, चौसा, जुळलेला, असे दातांवरूनच गट पडतात. तिथे पुढचे दात पाहतात, गेंड्यात आम्ही दाढा पाहतो, तत्त्व तेच. कुठला दात आलाय, कुठला यायचाय आणि आलेल्यांची झीज किती. गेंड्याच्या पिल्लाला आधी दुधाच्या दाढा येतात. त्यांच्यामागे पहिली कायमची दाढ येते, ती कुणाची जागा घेत नाही, मोकळ्या जागेतच उगवते. मग दुधाच्या दाढा पडून त्यांच्या जागी कायमच्या येतात, मध्येच दुसरी मोठी दाढ आणि सगळ्यात शेवटी तिसरी. म्हणजे तुमची मागची दाढ एक तर दुधाची चौथी आहे, नाहीतर कायमची पहिली. खालच्या जबड्यात या दोघी दिसायला सख्ख्या बहिणी, चांगले अनुभवी लोकही फसतात. ओळखायची खूण म्हणजे दुधाच्या दाढेचं एनॅमल पातळ, उंची कमी, मुळं फाकलेली. आणि जबड्याचा तुकडा खालून तुटलेला असेल तर आत डोकावून पाहा. दाढेच्या मुळांच्या मध्ये दुसरा न उगवलेला दात बसलेला दिसला तर वरची दाढ दुधाची. कायमच्या पहिल्या दाढेखाली काही नसतं.

हा फरक केवळ नावाचा नाही. दुधाच्या दाढांचा मोठा भाग आईच्या पोटातच बनतो. आजच्या गेंड्यांत गर्भकाळ १५-१६ महिन्यांचा, त्यामुळे वेळ भरपूर असतो. तेव्हा दुधाच्या दाढेवर रेघ दिसली तर मी पहिला संशय जन्मावर घेतो. जन्म हा स्वतःच मोठा धक्का. काल नाळेतून आयतं मिळत होतं, आज उठून उभं राहायचं, आचळ शोधायचं, थंडी-ऊन सोसायचं. माणसाच्या दुधाच्या दातांतही सूक्ष्मदर्शकाखाली जन्माची रेघ दिसते, जवळजवळ प्रत्येकाच्या. जन्म सुखरूप झाला तरी दिसते. ती नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतकी खोल असेल तर मात्र पहिले दिवस जड गेले असं म्हणता येतं.

रेघ कायमच्या पहिल्या दाढेवर असेल तर गोष्ट पुढच्या काळाची. तेव्हा पिल्लू दूध आणि गवत दोन्हीवर असतं, मग दूध तुटतं. आजच्या गेंड्यांत वर्ष-दीड वर्षाच्या आगेमागे. पण दूध तुटणं हा शेवटचा धक्का नव्हे. पिल्लू आईबरोबर दोन-तीन वर्षं राहतं आणि पुढचं वेत जवळ आलं की आई त्याला स्वतःच हाकलून देते. काझीरंग्यात किंवा आफ्रिकेत काम केलेले लोक सांगतात, काही दिवस ते पोर आईच्या मागे जातं, ती वळून अंगावर येते, ते थांबतं, पुन्हा मागे जातं. नेब्रास्कातल्या टेलिओसेरासच्या दातांवरच्या अशा रेघांवर १९९९ मध्ये एक निबंध आला. तीव्र शारीरिक ताणाचा पुरावा म्हणूनच त्या रेघा तिथे मांडल्या आहेत. जर्मनीत झान्डेल्सहाउझेन इथल्या त्याहून जुन्या गेंड्यांच्या दातांवरही असे दोष अभ्यासले गेलेत. कुणाही एका पिल्लाबद्दल 'हीच ती आईनं सोडल्याची रेघ' असं म्हणायला मात्र मी धजणार नाही. एकाच जातीच्या अनेक पिल्लांच्या त्याच दाढेवर, त्याच उंचीवर रेघ येत असेल तर ती सगळ्यांच्या वाट्याला ठरावीक वयात येणाऱ्या कशाची तरी असणार: जन्म, दूध तुटणं, आईपासून वेगळं होणं. रेघा वाट्टेल त्या उंचीवर विखुरलेल्या असतील तर आजार, जंत, कोरडा हंगाम यांचा विचार करायचा. एका जबड्यावरून हे ठरत नाही. त्याला पेटीभर जबडे लागतात.

हिवाळ्याचा विचार तुमच्या मनात येईलच, नेब्रास्कात राहताय म्हणून. पण तेव्हाचं नेब्रास्का आजचं नव्हतं. त्या काळच्या थरांत जमिनीवरची अवाढव्य कासवं सापडतात. ती बर्फात टिकत नाहीत. हिवाळे सौम्य असावेत. मी तरी थंडीपेक्षा कोरड्या महिन्यांकडे आधी पाहीन.

इथे थोडा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा पुढच्या मुद्द्यावर होतो. माझ्याकडे येणारे विद्यार्थी दातावर रेघ दिसली की पिल्लू 'अशक्त' ठरवतात आणि गुळगुळीत दाताचं पिल्लू 'निरोगी'. पण विचार करा. रेघ पडायला पिल्लानं ताण सोसून पुन्हा एनॅमल भरू लागावं लागतं. जे पिल्लू त्या ताणात दगावलं त्याच्या दातावर रेघ उमटायची सवडच मिळाली नाही, त्याचा दात गुळगुळीतच राहिला. म्हणजे गुळगुळीत दातांच्या ढिगाऱ्यात दोन्ही असतात, ज्याला काहीच झालं नाही ते आणि जे पहिल्याच फटक्यात गेलं ते. मानवी सांगाड्यांवर काम करणारे लोक हा पेच १९९०च्या दशकापासून हाताळताहेत. आमच्या गेंड्यांना तो तसाच लागू आहे. तुमच्या मुलीचा जबडा हा वाचलेल्या पिल्लाचा जबडा आहे, निदान त्या एका प्रसंगापुरता. पुढे ते कशानं मेलं हा वेगळाच प्रश्न, आणि त्या खाचेत त्याचं उत्तर नाही.

पण आधी खाच खरी आहे का? हे मी मुद्दाम मागे ठेवलं, पण काम करताना ते पहिलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गेंड्याच्या दाढेवरची सुंदर सरळ रेघ आठ दिवस मोजली, तक्ते केले, आणि मग लक्षात आलं की दगड काढताना मीच चालवलेल्या सुईचा तो ओरखडा होता. तेव्हापासून मी आधी खाचेचा तळ पाहतो. ओरखड्याचा तळ धारदार आणि रंग उजळ, ताणाच्या रेघेचा तळ गोलसर आणि बाकी एनॅमलइतकाच चकचकीत. झाडांची मुळं एनॅमल खरवडतात, पण ती नागमोडी जातात आणि एनॅमल ओलांडून हाडावरही जातात. ओलसर-कोरडं होऊन पडलेली भेग उभी जाते. गेंड्याच्या एनॅमलची आतली वीणच अशी आहे की ते उभं तडकायला सोकावलेलं असतं. उंच दाढांवर कधी सिमेंटमचा, म्हणजे हाडासारख्या पदार्थाचा, थर असतो, तो अर्धवट उडाला की त्याची कड रेघेसारखी भासते. आणि खरी रेघ एका बाजूपुरती नसते, दाढेभोवती फिरते. ताण साऱ्या शरीरावर होता तर त्या वेळी बनत असलेल्या प्रत्येक दातावर तो उमटायला हवा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना. एकाच दातावर असेल तर बहुधा तिथे मार लागला होता किंवा हिरडीत पू झाला होता.

हाडांचं काय, असं पुढे कुणीतरी विचारेलच, म्हणून थोडक्यात. लांब हाडांच्या कापात झाडासारखी वर्तुळं दिसतात, वाढ थांबल्याची. पूर्वी वाटायचं ती फक्त सरड्या-मगरींत येतात. २०१२ मध्ये रवंथ करणाऱ्या शंभराहून अधिक जनावरांची हाडं तपासून दाखवलं गेलं की ती उष्ण रक्ताच्या प्राण्यांतही दरवर्षी येतात, चारापाणी उत्तम असलं तरी. म्हणून मी त्यांच्यावरून वय मोजतो, दुष्काळ नाही. गावाकडे म्हशीच्या शिंगावरची वलयं मोजून वेतं सांगणारे लोक असत, त्यातलाच प्रकार. तुमच्याकडे लांब हाड नाही, तेव्हा हे सोडून द्या.

एक गोष्ट मात्र मुलीला जरूर सांगा, कारण ती तिच्या विषयाच्या जवळची आहे आणि दातांची नाही. उत्तर समुद्राच्या तळातून जाळ्यांत आणि गाळ उपसणाऱ्या ड्रेजरांत वर आलेले, हिमयुगातल्या लोकरी गेंड्यांचे मानेचे मणके नेदरलँड्सच्या संग्रहालयांत आहेत. मानेच्या शेवटच्या मणक्याला बरगडी नसते, नसायला हवी. अभ्यासलेल्या ३२ मणक्यांपैकी ५ मणक्यांवर बरगडी जोडली गेल्याची खूण होती. तुलनेसाठी पाहिलेल्या आजच्या गेंड्यांत एकही नव्हती. अशी मानेची बरगडी स्वतः त्रास देत नाही. पण ती गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत काहीतरी बिघडल्याची निशाणी असते: आईची उपासमार, आजार किंवा कळपात नात्यातच होणारं प्रजनन. हा अभ्यास २०१७ चा. लोकरी गेंडे संपत आले तेव्हा त्यांची पिल्लं जन्माआधीच संकटात होती, असा त्याचा अर्थ लावला गेलाय. म्हणजे ताणाची नोंद कुठल्या अवयवात शोधायची हे तो कुठल्या वयात बसला यावर ठरतं. दाताची नोंदवही फार तर जन्माच्या थोडं आधीपासून उघडते, मणक्याची त्याच्या कितीतरी आधी.

वयाबद्दल तुम्ही विचारलंत, तर एक आकडा मी देणार नाही. यामागे अनुभव आहे. सायबेरियातल्या याकुतियात २०१४ मध्ये बर्फात साशा नावाचं लोकरी गेंड्याचं पिल्लू सापडलं, केसांसकट. आकार पाहून आधी त्याचं वय दीड वर्षाच्या घरात धरलं गेलं. दात नीट तपासल्यावर ते सातेक महिन्यांचं निघालं. कातडी-केसांसकट अख्खं पिल्लू समोर असताना एवढा फरक, तर तीन दाढांच्या तुकड्यावर मी काय पैज लावू? टेलिओसेरासची वाढ आजच्या गेंड्याच्याच वेगानं होत होती हे आपण गृहीत धरतो, त्याचं वेळापत्रक कुणी पाहिलेलं नाही. मागची दाढ दुधाची असेल आणि झीज थोडीच असेल तर वासरू दुधावरचं. ती कायमची पहिली असेल आणि तिच्यावर झीज सुरू झाली असेल तर आईपासून सुटायच्या वयाचं. प्रदर्शनाच्या फलकावर एवढंच लिहा. परीक्षक शहाणे असतील तर आकड्यापेक्षा हेच त्यांना आवडेल.

तुम्ही मूळचे बेळगावचे असं लिहिलंय म्हणून एक अवांतर. गोकाकजवळ, घटप्रभेच्या खोऱ्यात भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना गेंड्याचे जीवाश्म सापडले आणि त्यांनी १८७४ मध्ये त्यांना ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस असं नाव दिलं. म्हणजे आज जिथे गेंडा म्हटलं की आसाम आठवतो त्या दख्खनमध्येही एकेकाळी गेंडे चरत होते. आणि ताणाच्या रेघा वाचायची ही पद्धत आपल्याकडे परकी नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं ताम्रपाषाण काळातलं गाव खणून काढलं. घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली तान्ही मुलं सापडली. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे एनॅमलचे दोष लुकाच आणि वाळिंबे या संशोधकांनी अभ्यासले आणि हवामान कोरडं होत गेल्याशी, शेती बदलत गेल्याशी ते ताडून पाहिले. तिथे अनेक मुलं होती, थर माहीत होते, धान्य माहीत होतं. म्हणून 'का' विचारता आलं. मुलीला हा फरक समजावून सांगा.

आता कामाचं. जबड्याला काहीही चोपडू नका, चकचकीत दिसावा म्हणून लाख किंवा व्हार्निश तर मुळीच नको. खोलीत अंधार करून टॉर्च दाढेच्या अगदी बाजूनं आडवा धरा, म्हणजे उथळ खाचही सावली टाकते. चारही बाजूंनी फोटो घ्या आणि खाच सगळीकडे एकाच उंचीवर आहे का ते पाहा. एनॅमल संपून मूळ सुरू होतं ती कड शोधा आणि तिथून खाचेपर्यंतचं अंतर चार-पाच ठिकाणी मोजा. पुढच्या दोन दाढांवरही तशी काही रेघ आहे का, नीट शोधा. त्या आधी तयार झालेल्या असतात, म्हणून त्यांच्यावर ती आणखी खाली, मानेजवळ असेल किंवा मुळीच नसेल. नसली तर निराश होऊ नका, त्यांचं एनॅमल तोवर पूर्ण झालं होतं एवढाच अर्थ. ओळखीचा दातांचा डॉक्टर असेल तर दोन गोष्टी मागा. एक, जबड्याचा एक्स-रे. आत न उगवलेला दात आहे का हे त्यात एका झटक्यात कळेल आणि दुधाची की कायमची हा वाद मिटेल. दुसरी, ठसा घ्यायची सिलिकॉन पुट्टी. आम्हीही तीच वापरतो. पण एनॅमलला केसाएवढी जरी भेग असली तर ठसा काढताना तुकडा निघून येतो, तेव्हा भेगा असतील तर फोटोवरच भागवा.

शक्य झालं तर लिंकनला जाऊन या, विद्यापीठाचं संग्रहालय मॉरिल हॉलमध्ये आहे, ओमाहाहून तासाभराचं अंतर. आधी कळवून गेलात आणि मुलीनं स्वतः मोजलेले आकडे बरोबर नेले तर तिथल्या लहान पिल्लांच्या जबड्यांशी तुमचा जबडा लावून पाहता येतो का, हे विचारा. विचारायला तिलाच सांगा, तुम्ही मागे उभे राहा.

विषयाचं नाव ती सुचवेलच. माझ्या मनात 'गवत चावण्याआधी काय झालं?' असं काहीतरी येतंय, पण आठवीतल्या पोरी माझ्यापेक्षा बरं सुचवतात. फोटो पाठवलेत तर खाच खरी की खोटी यावर मत देईन. शेजारी मोजपट्टी ठेवा, क्वार्टरचं नाणं नको, त्याचा व्यास मला दर वेळी शोधावा लागतो.